रिकामी वर्षे : मराठी लेखकाचे मौन आणि पुनरारंभ

१

वाङ्मयेतिहास लिहिताना अभ्यासक ज्या साधनावर सर्वाधिक विसंबून असतो ते साधन म्हणजे ग्रंथांची सनावळी. लेखकाचे नाव, त्याच्या पुस्तकांची नावे आणि कंसातील प्रकाशनवर्षे यांच्या आधारे प्रारंभकाळ, बहराचा काळ, उतरतीचा काळ अशी विभागणी केली जाते. या सनावळीत काही ठिकाणी मोठी अंतरे पडलेली दिसतात. बा. सी. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९ चा आणि 'काही कविता' १९४७ चा. वसंत आबाजी डहाके यांचा 'योगभ्रष्ट' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतरचा 'शुभवर्तमान' १९८७ मध्ये. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये आल्या आणि पुढचे मराठी संग्रह २००३-०४ मध्ये. भालचंद्र नेमाडे यांची 'झूल' १९७९ ची, तर 'हिंदू' २०१० ची. आठ, पंधरा, सव्वीस, एकतीस अशी ही अंतरे आहेत.

या अंतरांविषयी मराठी समीक्षा सहसा दोनच प्रकारे बोलते. अंतर चालू असताना ती लेखक 'थांबला', 'आटला', 'संपला' असे म्हणते. अंतर संपून नवे पुस्तक आले की ती 'पुनरागमन' हा शब्द वापरते आणि मधल्या वर्षांचा विचार सोडून देते. पहिल्या विधानात घाई असते, तर दुसऱ्यात कुतूहलाचा अभाव. मधल्या वर्षांत नेमके काय घडले, लेखन पुन्हा कशाच्या आधाराने सुरू झाले आणि पुन्हा सुरू झालेले लेखन पूर्वीच्याच लेखनाचा पुढचा भाग होता काय, हे तीन प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतात. हे प्रश्न केवळ लेखकाच्या मानसशास्त्राचे नाहीत. त्यांची उत्तरे संहितांमध्ये, मधल्या काळात हाताळलेल्या वाङ्मयप्रकारांमध्ये आणि त्या काळातील वाङ्मयीन संस्थांच्या स्थितीमध्ये शोधता येतात. त्या अर्थाने हा वाङ्मयेतिहासाचाच विषय होय.

चंद्रपूरच्या संदर्भात या विषयाला एक निकटचे परिमाण लाभते. या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते. २०१२ च्या फेब्रुवारीत झालेल्या ८५ व्या संमेलनाचे अध्यक्षपद वसंत आबाजी डहाके यांच्याकडे होते. डहाके यांचे शालेय शिक्षण याच शहरात झाले. ज्या कवीच्या पहिल्या दोन काव्यसंग्रहांमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, तो आपल्या बालपणीच्या गावी अध्यक्ष म्हणून परतला, ही घटना गौरवाची आहेच. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. या कवीच्या पहिल्याच संग्रहाच्या शीर्षकात खंडित साधनेविषयीची एक जुनी भारतीय संकल्पना दडलेली आहे, आणि मौनाचा प्रश्न समजून घेण्यासाठी ती उपयोगी पडते.

२

'योगभ्रष्ट' हा शब्द भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातला. श्रद्धा असूनही ज्याचे मन योगापासून ढळले, ज्याची साधना मध्येच तुटली, त्याची गती काय, असे अर्जुन विचारतो. दोन्हींकडून तुटलेला तो माणूस विखुरलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना, ही त्याची शंका. श्रीकृष्णाचे उत्तर असे की, केलेला प्रयत्न वाया जात नाही. असा साधक पुन्हा जन्म घेतो, पूर्वदेहात मिळवलेली बुद्धी त्याला नव्या देहात परत लाभते आणि तेथून तो पुढे यत्न करतो. ज्ञानेश्वरांनी या प्रसंगाचा जो विस्तार केला, त्यात त्यांच्या स्वतःच्या अल्पवयातील ज्ञानप्राप्तीची सूचना अभ्यासकांना जाणवली आहे.

या विवेचनातला पारमार्थिक भाग बाजूला ठेवून त्याची रचना पाहिली, तर तीन गोष्टी स्पष्ट होतात. साधनेत खंड पडणे ही वस्तुस्थिती येथे नाकारलेली नाही. खंडानंतरचा आरंभ शून्यापासून होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढची साधना जुन्या देहात होत नाही. देह नवा असतो, बुद्धी पूर्वीची असते. लेखकाच्या बाबतीत 'देह' म्हणजे त्याचे रूप, वाङ्मयप्रकार, भाषेची ठेवण आणि 'बुद्धी' म्हणजे त्याची मूळ जाणीव व कारागिरी, असे मानले तर मौनानंतरच्या लेखनाची एक संगती हाती लागते. जो लेखक जुन्याच देहात परतण्याची वाट पाहतो त्याचे मौन लांबते. जो नवा देह स्वीकारतो त्याचे लेखन पुन्हा सुरू होते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन इतकेच आहे. ते सर्वत्र सारखेच लागू पडते असा दावा नाही, परंतु मराठीतील ठळक उदाहरणे त्याला दुजोरा देतात.

मराठी परंपरेत लेखनखंडाची आणखी एक मूलकथा आहे. ती तुकारामांच्या वह्यांची. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तुकाराम तेरा दिवस निराहार धरणे धरून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी ही परंपरेची कथा. तिच्यातला चमत्कार सर्वांच्या ध्यानात राहतो. त्या तेरा दिवसांतील धरण्याचे अभंग गाथेत आहेत, याकडे मात्र कमी लक्ष जाते. जुने लेखन पाण्यात असताना नवे लेखन चालू होते, आणि त्याचा विषय लेखन हरपण्याची तीच अवस्था होती. वह्या परत मिळाल्या नसत्या तरी कवी परत मिळालेलाच होता, असा अर्थ या कथेतून काढता येतो.

३

आधुनिक मराठी कवितेत रूपांतराचे सर्वांत नाट्यपूर्ण उदाहरण मर्ढेकरांचे. 'शिशिरागम' हा रविकिरण मंडळानंतरच्या रोमँटिक संकेतांच्या छायेत वावरणारा संग्रह. त्याची भाषा सुकुमार, छंद ओळखीचे आणि दुःखही ओळखीचेच. तेथून आठ वर्षांनी आलेल्या 'काही कविता'मधील जग यंत्रयुगाचे, महायुद्धोत्तर नगराचे, तुटलेल्या प्रतिमांचे आहे. दोन्ही संग्रह कवीच्या नावाशिवाय वाचावयास दिले तर ते एकाच लेखणीतून उतरले आहेत असे कोणी सहसा म्हणणार नाही.

मधल्या आठ वर्षांत मर्ढेकर स्वस्थ नव्हते. १९४१ मध्ये 'वाङ्मयीन महात्मता' प्रसिद्ध झाली. १९४२ मध्ये 'रात्रीचा दिवस' आणि १९४३ मध्ये 'तांबडी माती' या कादंबऱ्या आल्या. नभोवाणीवरील नोकरीमुळे ऐकण्याच्या माध्यमाशी त्यांचा रोजचा संबंध होता. ग्रंथसूचीत कवितेच्या रकान्यात जी रिकामी जागा दिसते, ती शेजारच्या दोन रकान्यांत भरलेली आहे. 'रात्रीचा दिवस'मध्ये त्यांनी संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला, म्हणजे तर्काने न जोडलेल्या प्रतिमा एकापुढे एक ठेवण्याची सवय गद्यात करून पाहिली. 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये त्यांनी वाङ्मयाच्या मूल्यांविषयी आपली भूमिका घडवली. पुढे लयतत्त्वांच्या आधारे त्यांनी जे सौंदर्यशास्त्र उभे केले त्याची ही तयारी होती. नवकवितेतील प्रतिमांची धक्कादायक जुळणी आणि तिच्यामागची रचनेची शिस्त या दोन्हींची पूर्वतयारी अशा रीतीने कवितेच्या बाहेर झाली.

येथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. मर्ढेकरांनी नव्या कवितेसाठी सगळेच नवे आणले नाही. अभंग आणि ओवी यांच्या घाटाचा त्यांनी जाणीवपूर्वक उपयोग केला. 'शिशिरागम'च्या अलीकडच्या परंपरेपासून दूर जाताना ते संतकवितेच्या अधिक जुन्या परंपरेकडे गेले. 'पूर्वदेहातील बुद्धी' ही कधीकधी कवीच्या स्वतःच्या आधीच्या पुस्तकापेक्षाही मागची असते, असे यावरून दिसते. मौनाचा काळ हा बहुधा आपल्या परंपरेतील पूर्वजांची फेरनिवड करण्याचा काळ असतो.

४

डहाके यांचे उदाहरण इतके नाट्यमय नाही, आणि म्हणूनच ते अधिक बोधक आहे. 'योगभ्रष्ट' ही दीर्घकविता १९६६ मध्ये 'सत्यकथा'त आली आणि १९७२ मध्ये त्याच नावाचा संग्रह निघाला. भयग्रस्त, विघटित, स्वतःच्याच विध्वंसाकडे ओढल्या जाणाऱ्या आधुनिक माणसाचा तो प्रदीर्घ उच्चार होता. अशा उच्चारानंतर कवीपुढे एक कठीण पेच उभा राहतो. तो उच्चार पुन्हा करणे म्हणजे स्वतःचे अनुकरण. तो न करणे म्हणजे मौन. साठोत्तरी पिढीतील काही कवींचे लेखन या पेचाजवळ येऊन अडखळलेले दिसते.

डहाके यांनी या पेचातून काढलेला मार्ग ग्रंथसूचीत स्पष्ट दिसतो. १९७५ मध्ये 'अधोलोक' आणि १९८१ मध्ये 'प्रतिबद्ध आणि मर्त्य' या दोन कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. दोन्ही शीर्षके 'योगभ्रष्ट'च्याच भावकक्षेतली आहेत. पतनाचा विषय 'अधोलोक'मध्ये पुढे चालू राहिला. बांधिलकी आणि नश्वरता यांच्यामधला ताण दुसऱ्या शीर्षकातच उच्चारला गेला. दीर्घकवितेने जे ओझे उचलले होते ते कथात्म गद्याकडे सोपवले गेले. या वाटपानंतर १९८७ मध्ये 'शुभवर्तमान' आला तेव्हा कवितेला सारे काही एकदम सांगण्याची गरज उरली नव्हती. भय आणि हिंसा ही सूत्रे तीच राहिली, परंतु ती दैनंदिन जगण्याच्या तपशिलांत, उपरोधाच्या खालच्या पट्टीत येऊ लागली. मराठी ख्रिस्ती परंपरेतला 'शुभवर्तमान' हा शब्द अशा कवितांच्या माथ्यावर ठेवणे यातही तोच उपरोध आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९९६ मध्ये, 'शुनःशेप' हा संग्रह आला. शुनःशेपाची कथा ऐतरेय ब्राह्मणातली. बापाने विकलेला, यज्ञस्तंभाला बांधलेला मुलगा देवतांची स्तुती करू लागतो आणि ऋचेगणिक त्याचे पाश सैल होत जातात. बळी जाणाऱ्याची सुटका त्याच्या स्वतःच्या वाणीने होते. 'योगभ्रष्ट'पासून 'शुनःशेप'पर्यंतची शीर्षके एका ओळीत ठेवली तर साधना खंडित झालेल्यापासून बोलून मुक्त होणाऱ्यापर्यंतचा एक प्रवास दिसतो. कवीने तो आधी आखला होता असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना तो आखलेला नसावा, यातच त्याचे मोल आहे.

या सर्व काळात त्यांचे अध्यापन चालू होते, समीक्षालेखन चालू होते आणि पुढे कोशकार्यातही त्यांचा मोठा वाटा राहिला. 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' आणि 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' या ग्रंथांच्या संपादकांमध्ये त्यांचे नाव आहे. कोशाचे काम सर्जनशील लेखकाला मारक ठरते, असा एक समज आहे. या उदाहरणात तो खरा ठरत नाही. कोशाची नोंद लिहिताना शब्दाला नेमकेपणा द्यावा लागतो, मोजक्या ओळींत थांबावे लागते. २००६ मध्ये आलेल्या आणि पुढे २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'चित्रलिपी'कडे वळताना ही शिस्त लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यात चित्रकार म्हणून त्यांनी जोपासलेल्या नजरेचाही भाग आहे. शीर्षकच तसे सुचवते.

५

कोलटकर आणि नेमाडे यांच्या मौनाची जात वेगळी. कोलटकरांच्या बाबतीत लेखनमौन आणि प्रकाशनमौन यांत फरक केलाच पाहिजे. १९७६ मध्ये इंग्रजी 'जेजुरी' आणि १९७७ मध्ये पहिला मराठी संग्रह आल्यानंतर वाचकांसमोर त्यांचे मराठी पुस्तक पाव शतकाहून अधिक काळ आले नाही. जाहिरातक्षेत्रातील कामावर त्यांचा चरितार्थ चालला होता. २००४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच्या अल्पावधीत 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' हे संग्रह प्रास प्रकाशनातर्फे अशोक शहाणे यांनी वाचकांसमोर ठेवले. त्यांतील 'भिजकी वही' पाहिली तरी ही कविता एका झटक्यात लिहून होणारी नाही हे उघड होते. देशोदेशीच्या पुराणांतल्या आणि इतिहासातल्या स्त्रियांच्या अश्रूंची ही वही दीर्घकाळच्या वाचनाशिवाय शक्य नव्हती. शीर्षकात तुकारामांच्या वह्यांचे स्मरण आहे. फरक इतकाच की तुकारामांच्या वह्या कोरड्या निघाल्या, कोलटकरांची वही भिजलेलीच वर आली.

युरोपीय वाङ्मयात याला समांतर असे उदाहरण पॉल व्हॅलेरी यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी कविता प्रसिद्ध करणे जवळजवळ थांबवले आणि सुमारे वीस वर्षे ते कवी म्हणून गप्प राहिले. त्या काळात रोज पहाटे वहीत टिपणे करण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. १९१२ मध्ये आंद्रे जीद आणि प्रकाशक गालिमार यांनी जुन्या कविता एकत्र करण्याचा आग्रह धरला. त्या तपासताना शेवटी एक छोटी कविता जोडावी असे त्यांच्या मनात आले. ती वाढत जाऊन १९१७ मध्ये 'ला जन पार्क' ही पाचशेहून अधिक ओळींची कविता सिद्ध झाली. पुनरारंभाला स्फूर्ती कारण झाली नाही. रोजची वही, जुन्या कवितांची दुरुस्ती आणि मित्राचा तगादा ही त्याची साधी कारणे होती. शहाणे यांचे कोलटकरांच्या संदर्भातील स्थान याच प्रकाशात पाहावे लागते. लेखक एकटा थांबतो, पण पुन्हा सुरू होताना बहुधा तो एकटा नसतो.

नेमाडे यांच्या ग्रंथसूचीत असे अंतर दोनदा पडलेले आहे. १९६३ मध्ये 'कोसला' आली आणि 'बिढार' येण्यास १९७५ उजाडले. नंतर 'जरीला' आणि 'झूल' यांनी चतुष्टय पूर्ण झाले आणि त्यापुढे एकतीस वर्षे कादंबरी नाही. या दुसऱ्या काळात 'साहित्याची भाषा' (१९८७), 'टीकास्वयंवर' (१९९०) आणि 'देखणी' (१९९१) हे ग्रंथ आले. देशीवादाची मांडणी याच काळात दृढ झाली. 'हिंदू'चा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. 'कोसला'च्या पांडुरंगाने जगणे आतून भोगले. खंडेराव ते थरांथरांनी उकरतो. तीन दशके संस्कृतीविषयी सैद्धान्तिक विचार केलेल्या लेखकाला त्या विचाराला साजेसा देह उत्खननकर्त्याच्या रूपाने सापडला. सिद्धान्ताचे ओझे कादंबरीच्या काही भागांवर पडले आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी चूक नाही. मधल्या काळातील काम पुढच्या लेखनाला पोसते तसे ते त्यावर भारही टाकते.

६

वरील सर्व लेखक पुरुष आहेत आणि त्यांचे मौन, काही अंशी तरी, त्यांच्या निवडीचे आहे. दुर्गा भागवत यांच्या बाबतीत तसे नव्हते. मध्य प्रांतातील गोंडांच्या संस्कृतीचा अभ्यास करीत असताना जंगलातील विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या गंभीर आजारी पडल्या आणि सुमारे सहा वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्या. डॉक्टरेटचे काम अपुरे राहिले. क्षेत्रकार्य हा ज्या संशोधिकेचा प्राण, तिला एका खोलीत पडून राहावे लागले.

या आजारानंतरच्या काळातील एक गोष्ट लक्षणीय आहे. १९५६ या एकाच वर्षी त्यांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' आणि 'ऋतुचक्र' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्यात संशोधिका शास्त्राकडे परतली. दुसऱ्यात एक नवीच लेखिका अवतरली. 'ऋतुचक्र' हे महिन्यामहिन्याने निसर्ग पाहणारे पुस्तक आहे. त्यातील दृष्टी भटकणाऱ्या प्रवाशाची नाही. एकाच जागी राहून तेच झाड वर्षभर पाहणाऱ्याची आहे. ही दृष्टी आणि सक्तीच्या स्थैर्याचा अनुभव यांचे नाते संहितेवरून अनुमानानेच जोडता येते, आणि ते अनुमान बळकट आहे. त्याच वेळी झाडाफुलांशी निगडित लोककथा, संस्कृत संदर्भ, आदिवासींचे सण यांचे जे ज्ञान या ललित गद्यात सहज मिसळून येते, ते सारे पूर्वदेहातले आहे. क्षेत्रकार्य करणारा देह मोडला, त्याने मिळवलेली बुद्धी मात्र ललित निबंधाच्या देहात परत आली.

दुर्गाबाईंच्या उदाहरणामुळे आणखी एका भाबड्या समजाला आळा बसतो. मौन फलदायी असते, त्याचे स्वागत करावे, असा एक रम्य विचार लेखकांच्या चरित्रांतून अनेकदा पसरवला जातो. आजारपण फलदायी नव्हते. त्याने एक प्रबंध गिळला, उमेदीची सहा वर्षे खाल्ली. फलदायी ठरले ते त्यातून वाचलेल्या ज्ञानाला नवे रूप देण्याचे काम. शिवाय, मौन फळले असे आपण फक्त पुस्तक आल्यानंतरच म्हणू शकतो. ज्यांचे पुस्तक आलेच नाही त्यांच्या मौनाची नोंद ग्रंथसूचीत होत नाही. म्हणून मौनाला गूढ वलय देण्यापेक्षा त्या काळातील दुय्यम समजले जाणारे लेखन, म्हणजे परीक्षणे, अनुवाद, कोशनोंदी, पत्रे, टिपणवह्या, जपून ठेवणे हे समीक्षेचे अधिक उपयुक्त कार्य ठरते.

७

नोंद न झालेल्या मौनांचा विचार करू लागताच स्थळाचा प्रश्न पुढे येतो. गडचांदूर हे आज कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. माणिकगडच्या डोंगराळ प्रदेशाला लागून असलेल्या या भागात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानावर पडतात. वर्धा नदीच्या पलीकडचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. अलीकडचा हा राजुरा परिसर मात्र हैदराबाद संस्थानात मोडत असे. तेथील शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९२३ मध्ये अमरावतीला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला तेव्हा नदीच्या एका काठाला मराठी वाङ्मयीन संस्था मिळाली, दुसऱ्या काठाला ती मिळण्यास राजकीय भूगोल बदलावा लागला. येथील मौनामागे प्रतिभेच्या अभावापेक्षा संस्थांचा अभाव अधिक आहे.

पुढच्या काळातही केंद्र आणि परीघ यांतले अंतर टिकून राहिले. मुंबईची 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. मासिक बंद पडल्याने महानगरातल्या लेखकाचा एक मार्ग खुंटला. दूरच्या गावातील लेखकाला मात्र आपले लेखन एखाद्या जाणत्या संपादकाच्या नजरेखालून जाण्याची जी थोडी शक्यता होती तीच आक्रसली. मर्ढेकरांच्या पाठीशी 'अभिरुची' आणि 'सत्यकथा' होती, कोलटकरांना शहाणे होते, व्हॅलेरींना जीद होते. तालुक्याच्या गावी राहून एक संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या आणि नंतर दहा वर्षे गप्प झालेल्या कवीला यांपैकी कोण होते, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. त्याच्या बाबतीत 'संपला' हे विधान केले जाते तेव्हा, तो सुरू राहावा यासाठी कोणती व्यवस्था होती, हे आधी तपासावयास हवे.

गंमत अशी की याच वनप्रदेशात खंडाची भीती नसलेली एक कलापरंपरा नांदते आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम धानाच्या कापणीनंतर, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या मंडळींचे प्रमुख केंद्र. शेतीची कामे चालू असताना मंच रिता असतो, आणि त्या रितेपणाला कोणी नाट्यलेखकाचे अपयश म्हणत नाही. त्याच महिन्यांत पुढच्या हंगामाच्या संहितांची जुळवाजुळव होते. या रंगभूमीचे नाते दंडारीशी सांगितले जाते. राजुरा-जिवती भागातील गोंडांची दंडारीही दिवाळीच्या सणाशी बांधलेली असते. सण सरला की वाद्ये ठेवून दिली जातात, पुढच्या वर्षी पुन्हा काढण्यासाठी.

या परंपरा आणि आधुनिक लेखकाचे एकाकी लेखन यांची थेट तुलना करणे सयुक्तिक ठरणार नाही. लोकरंगभूमीला ठरलेला प्रेक्षक आणि ठरलेला हंगाम असतो, समूह असतो. कवीला यांपैकी काहीच नसते. तरीही या तुलनेतून एक गोष्ट निष्पन्न होते. थांबण्याची लाज ही कलानिर्मितीची अंगभूत अट नाही. ती ग्रंथप्रकाशनाच्या, सनावळीच्या आणि सततच्या उत्पादनाची अपेक्षा धरणाऱ्या वाङ्मयव्यवहाराची देणगी आहे. काळ्या जमिनीत पाऊस पडताच कोणी तिफण घालत नाही. वाफसा येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या दिवसांत शेतकरी बियाणे निवडतो, अवजारे दुरुस्त करतो. थांबणे आणि रिकामे बसणे यांतला हा भेद शेतीला ठाऊक आहे, वाङ्मयेतिहासाने तो शिकावयाचा आहे.

८

वरील उदाहरणांवरून काही निष्कर्ष संभवतात. मौनाचे प्रकार निराळे मानले पाहिजेत. कोलटकरांचे मौन प्रकाशनाचे होते. मर्ढेकर, डहाके आणि नेमाडे यांचे मौन एका वाङ्मयप्रकारापुरते होते. दुर्गाबाईंचे सक्तीचे होते, आणि परिघावरील अनेक लेखकांचे संस्थात्मक असते. या सर्वांना 'प्रतिभेची ओहोटी' हे एकच नाव देणे शास्त्रीय नाही. दुसरे असे की पुनरारंभ बहुतेक वेळा बाजूच्या दाराने होतो. कविता कादंबरीतून आणि समीक्षेतून परतते, कादंबरी सिद्धान्तातून, ललित गद्य मोडलेल्या संशोधनातून. आणि परतलेले लेखन पूर्वीच्याच जागी उभे राहत नाही, म्हणून त्याचे मूल्यमापन पूर्वीच्या पुस्तकाच्या मापाने करणे अन्यायाचे होते. 'हिंदू'त 'कोसला' शोधणारा आणि 'शुभवर्तमान'मध्ये 'योगभ्रष्ट' शोधणारा वाचक निराश होतो, कारण तो जुना देह शोधत असतो.

राहता राहिला प्रश्न समीक्षकाच्या उत्तरदायित्वाचा. लेखकाविषयी 'संपला' असा निर्वाळा देणे सोपे असते, आणि महानगरापासून दूर राहणाऱ्या लेखकाविषयी तर तो निर्वाळा द्यावाही लागत नाही. न बोलण्यानेच तो दिला जातो. अर्जुनाने विचारलेल्या शंकेत विखुरलेल्या ढगाची भीती होती. त्या शंकेला मिळालेले उत्तर श्रद्धेचे असले तरी त्यातून समीक्षेने घ्यावयाचा भाग व्यवहाराचा आहे. खंड पडलेल्या माणसाचा आधीचा यत्न कोणीतरी ध्यानात ठेवावा लागतो. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेला एकुलता एक संग्रह पुन्हा वाचणे, त्याच्या कवीला पुढचे काय, असे विचारणे, ही त्या ध्यानात ठेवण्याची पहिली पायरी होय.